तीन बोटं जाडीची गिटार

हट्टा गावी बुद्धविहाराच्या लोकार्पणात मी दोन तास गिटार वाजवली आणि तिचा एक सूरही कुणाच्या कानावर पडला नाही. कबूल करून टाकलेलं बरं. लोक दुसऱ्याच्या तोंडून ऐकतात तेव्हा दोन तासांचे चार तास होतात.

तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची पोरगी होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्या कोवळ्या वयात माणसाला वाटतं, आपल्याला सगळं कळतं. आज चौसष्टाव्या वर्षी त्या पोरीची आठवण आली की तिचा कान धरून तिला बाकावर उभं करावंसं वाटतं.

गिटार माझ्याकडे आली ती मुलामुळे. तो नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची गिटार कळमनुरीतल्या आमच्या घरी कपाटावर धूळ खात राहिली. मी ती खाली काढली, पुसली आणि मोबाइलवर बघून शिकायला लागले. तिच्या तारा लोखंडी. आठ दिवसांत डाव्या हाताची बोटं अशी चिरली की पोळी करताना पिठाला लाल ठिपके. मला शुगर. डॉक्टरांनी बोटं पाहिली आणि विचारलं, "बाई, हे काय भाजी चिरताना झालं?" मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "एक तर गिटार सोडा, न्हाई तर तारा बदला." मग मी नायलॉनच्या तारांची गिटार मागवली. नायलॉनच्या तारा हाताला मऊ, बोटाला तकलीफ नाही. लोखंडी गिटारला त्या बसवता येत नाहीत, तिचा घाटच वेगळा, म्हणून अख्खी गिटारच नवी. मी खूश.

घरात वाजवणं वेगळं आणि स्टेजवर वाजवणं वेगळं, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. होतं, पण मी ऐकणारी नव्हते.

आमची महिला गायन पार्टी आहे. पार्टी म्हणजे माझ्या नणंदेची. आम्ही तिच्या हाताखालच्या. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण पेटीवर बसली की सगळ्यांची सासू. मुख्य आवाज तिचा. एक बाई झांजेवर. ढोलकीवर माझी जुनी विद्यार्थिनी, जी चौथीत असताना बाक वाजवते म्हणून मी रोज तिच्या हातावर पट्टी मारायची. तेच हात आज दिवसा शेतात खुरपतात आणि जयंतीला ढोलकी फोडतात. अजून मला 'बाई'च म्हणते आणि सगळे सूड हसत हसत उगवते. चौथी मी. चौघी पांढऱ्या साड्या, निळे काठ, गादीवर मांडी घालून. नणंदेनं मला घेतलं ते एका अटीवर: "बसा बाजूला, वैनी. पण गाण्याच्या मधी येऊ नका."

मी मधे येणार नव्हते. मला फक्त ऐकू जायचं होतं. त्यासाठी मी मोबाइलवरून पिकअप मागवला. पिकअप म्हणजे गिटारीचा आवाज वायरीतून साउंडवाल्याच्या मिक्सरपर्यंत नेणारी वस्तू. छान काळा, गोल, गिटारीच्या भोकात खटकन बसणारा. खाली लोकांनी पाच-पाच चांदण्या दिलेल्या. लेकरांच्या वह्यांवर मी स्वतः आयुष्यभर चांदण्या काढल्या, तरी मला त्यांचा मोह सुटला नाही.

हट्ट्याला दुपारचा कार्यक्रम. वायर मिक्सरला जोडली. साउंडवाला म्हणाला, "मॅडम, जरा वाजवून दाखवा." आणि त्या एकोणसाठ वर्षांच्या शहाणीनं काय म्हणावं? "राहू द्या हो. आवाज कमीच ठेवा माझा, न्हाई तर नणंदबाईचं गाणं दबून जाईल."

काय तो मोठेपणा!

वंदना झाली, गाणी सुरू झाली. हनुवटीखाली मला माझी गिटार थोडी ऐकू येत होती, बाकी सगळी ढोलकी. मला वाटलं, बाहेर छान जात असेल. मी डोळे मिटले, मान हलवली, एका गाण्यात तर डोळ्यांत पाणी आणलं. गायन पार्टीत रिवाज असतो, गाणं आवडलं की लोक उठून नोट देतात आणि माइकवरून ते जाहीर करतात. त्या दिवशी एक फेटेवाले आजोबा उठले आणि त्यांनी दहाची नोट दिली, "गिटारवाल्या बाईसाठी." मी मिटल्या डोळ्यांनी हात जोडले.

दोन दिवसांनी नणंदेच्या मोबाइलमधलं रेकॉर्डिंग आम्ही घरात बसून बघितलं. पेटी होती, झांज होती, ढोलकी तर होतीच होती. आणि कोपऱ्यात एक बाई, डोळे मिटून, उजवा हात वर-खाली, वर-खाली. आवाज काही नाही. आमच्या ह्यांनी मोबाइल कानाला लावला, परत डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "हात मात्र लई चांगला चालून राहिला."

मी साउंडवाल्याला फोन लावला. चांगला माणूस, मंडप आणि बॉक्सचा, म्हणजे मोठ्या स्पीकरचा धंदा, पोटात काही ठेवत नाही. म्हणाला, "मॅडम, तुमच्या चॅनलचा काटा एकदाबी हलला न्हाई. मला वाटलं, तुमी फोटोपुरत्या बसल्या."

मग त्यानं घरी येऊन पिकअप पाहिला आणि असा हसला की कपातला चहा बशीत. "मॅडम, ह्याच्यात चुंबक हाय. चुंबकाला लोखंड लागतं. तुमच्या तारा म्हणजे दोऱ्या! हा पिकअप लोखंडी तारांच्या गिटारीचा." वरच्या तीन तारांवर धातू चकाकतो, तो दाखवून मी वाद घातला. त्यानं बॉक्समधलं जुनं चुंबक आणून तारांना लावलं. धातू होता, पण लोखंड नव्हतं. चुंबक निवांत गळून माझ्या मांडीवर पडलं. ही मी, जी तिसरीच्या वर्गाला टाचण्या आणि चुंबकाचा प्रयोग करून दाखवायची. दर वर्षी. न चुकता.

पुढच्या कार्यक्रमाला गिटारीसमोर माइक उभा केला. त्या माइकात गिटार कमी, ढोलकी जास्त आली. आवाज थोडा वाढवला की बॉक्समधून अशी शिट्टी निघाली की पुढच्या रांगेतलं लेकरू रडायला लागलं. नणंदेनं पेटी थांबवली. माझ्याकडे बघितलं.

बोलली ती घरी आल्यावर. "वैनी, म्होरच्या महिन्यात पुसेगावला विहाराचा वर्धापनदिन हाय. तिथं तुमची गिटार ऐकू आली तर आली. न्हाई आली तर हिंगोलीची कॅसिओवाली तयार हाय. तिची वायर लावली की वाजते."

हे मला लागलं. हसून सांगतेय, पण लागलं. अडतीस वर्षं घंटा झाली की वर्गात शिरले आणि घंटा झाली की बाहेर आले. निवृत्तीनंतर सकाळी उठून कुठं जायचं, याचं एकच उत्तर माझ्याकडे होतं, ते म्हणजे तालीम. ती गादी मला सोडायची नव्हती. कॅसिओवाली कितीही गुणाची असो, माझ्या जागेवर नको.

मग मी कामाला लागले. महिनाभर रात्रंदिवस तेच डोक्यात. स्टेजवरच्या नायलॉन गिटारीला पिकअप कसा हवा, तर पुलाखाली चपटी पट्टी असलेला. पूल म्हणजे तारा जिथं टेकतात ती हाडासारखी पांढरी पट्टी. तिच्याखाली बसवलेला पिकअप तारेची थरथर ओळखतो, तार लोखंडाची आहे की दोऱ्याची, विचारत नाही. गिटारीच्या बाजूला बटणं हवीत, आत बॅटरी हवी. हे सगळं मी जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर लिहिलं आणि गिटारींची परीक्षा घ्यायची ठरवली. तोंडी आणि प्रात्यक्षिक. तोंडी म्हणजे वायर न लावता, प्रात्यक्षिक म्हणजे लावून.

साउंडवाल्याला मिक्सर दुरुस्तीला नांदेडला जायचंच होतं. मी म्हटलं, तुमच्या टेम्पोत मलाबी घ्या, आणि आपला एक बॉक्सबी घ्या. "बॉक्स काहून, मॅडम? दुकानात असतो ना." मी म्हटलं, "दुकानातल्या बॉक्सवर मी पुसेगावला वाजवणार हाय का?" मग ढोलकीवालीलाही बोलावलं. तिनं एक दिवसाचं खुरपण सोडलं. "बाई, तुमी गिटार पाहायला निघाल्या का पोरगी पाहायला? येवढं वऱ्हाड?"

नांदेडचं दुकान रस्त्यालगत, आत भिंतीवर गिटारीच गिटारी. माझ्या छातीत असं काही धडधडायला लागलं की मी शुगर उतरली समजून खडीसाखर तोंडात टाकली. दुकानदार पोक्त, दाढी पांढरी, हातात तसबीहची जपमाळ. म्हणाला, "आओ अम्मा. पोते के लिए?"

"न्हाई. त्याच्या आजीसाठी."

त्यानं ढोलकीवालीकडे बघितलं, साउंडवाल्याकडे बघितलं, दाराबाहेर टेम्पोतून उतरणाऱ्या बॉक्सकडे बघितलं. "बैठो," म्हणाला, पण जरा सावधपणे.

त्यानं तीन-चार काढल्या आणि मग ती काढली. मधाच्या रंगाची, पोटानं खोल, भोकाभोवती बारीक नक्षी. मी मांडीवर घेतली, सगळ्यात जाड तार नुसती अंगठ्यानं सोडली आणि तो सूर माझ्या पोटात शिरला. शपथ. पुलाखालचा पिकअपही होता. तोंडी परीक्षेत शंभरपैकी शंभर. मी तिथंच मनातल्या मनात तिला नेसवून-सजवून पुसेगावला नेली. साठीला टेकलेली बाई एका लाकडी पोटाच्या प्रेमात पडली आणि हजेरीपट पिशवीतच राहिला.

"बाई," ढोलकीवाली कानाशी म्हणाली, "दुसरं बी पाहा ना. पहिल्याच बैलाला का कुणी हार घालतं?"

म्हणून दुसरी बघितली. काळी, चपटी, जेमतेम तीन बोटं जाड. एका बाजूनं मानेजवळ कापून घेतलेली. वायरीशिवाय वाजवली तर रिकाम्या डब्यावर पापड आपटल्यासारखा आवाज. मी तिला पस्तीस मार्क दिले, तेही काठावर पास करायची जुनी सवय म्हणून.

आता प्रात्यक्षिक. ढोलकी म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "अम्मा, दुकान है, शादीखाना नहीं." मी त्याला सांगितलं, भाऊ, एकदा दोन तास न ऐकू येता वाजवलंय, परत तसं होऊ नये म्हणून आले. चुंबकाचा किस्सा सांगितला, फेटेवाल्या आजोबांच्या नोटेसकट. तो हसला, डोळे पुसले आणि त्यानं स्वतः एक टोक धरून बॉक्स दुकानाच्या पायरीवर लावू दिला.

आधी मधाची राणी. वायर लावली. साउंडवाल्यानं आवाज हळूहळू वर नेला. गोड, फार गोड. मग ढोलकीवालीनं थाप मारली आणि राणी घुमायला लागली. मी हातही लावला नव्हता; ढोलकीचा आणि बॉक्सचा आवाज तिच्या खोल पोटात शिरत होता आणि ती आपली आपणच 'हूंऽऽ' करत होती. साउंडवाल्यानं जाड सूर कमी केले, गिटारीवरचं एक बटण दाबलं. घुमणं थांबलं, पण त्याबरोबर तिचा मधही गेला.

मग काळी चपटी. ढोलकी कितीही कडकडली तरी ही शांत. पण मांडीवर घेऊन वाजवताना मला तिच्यातून काही मिळेना. "मजा नाही," मी तोंड पाडून म्हटलं.

तेवढ्यात माझ्यातली जुनी मास्तरीण जागी झाली. शाळेत मी फळ्यावर लिहून झालं की शेवटच्या बाकामागे जाऊन उभी राहायची, तिथून दिसलं तरच अक्षर बरोबर. इथं मी फळ्याजवळ बसून मार्क देत होते. मी उठले. दुकानदाराला म्हटलं, तुम्ही वाजवा. स्वतः रस्ता ओलांडून समोरच्या रसवंतीपाशी जाऊन उभी राहिले. रसाचा चरक फिरतोय, ऑटो पीं पीं करतायत, वर ढोलकी. पुसेगावचा मांडव याहून काय वेगळा असणार?

दुकानदारानं राणी वाजवली. रस्त्यापलीकडे जे आलं ते हंड्यात तोंड घालून कुणी बोलावं तसं. आहे म्हणायचं, शब्द लागत नाहीत.

मग त्यानं काळी घेतली. आणि काय सांगू! एकेक तार. ढोलकीच्या दोन थापांच्या मधून, ऑटोच्या हॉर्नवरून, चरकाच्या घरघरीतून सुटी, मोकळी, नायलॉनचीच मऊ, एकेक तार माझ्यापर्यंत चालत आली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवल्या. रसवंतीवाला म्हणाला, "मावशी, आलं-लिंबू टाकू?" मी म्हटलं, "चार गिलास कर, काय वाटेल ते टाक!"

तरी परत आले ती राणीलाच मांडीवर घेऊन बसले. खोटं कशाला बोलू. दहा मिनिटं तिला गोंजारलं. घरी हीच वाजवताना सुख होतं. काळीचं सुख दुसऱ्याच्या कानात होतं, आणि ते मला तिथं बसून कधीच मिळणार नव्हतं. ढोलकीवालीनं रस संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाई, बैल गोठ्यात कसा दिसतो ते धन्याला गोड वाटतं. पण पाहायचा असतो तो चिखलात."

"तू चौथीत असताना एवढी हुशार नव्हतीस."

"होते. तुमी पट्टी मारायच्या गडबडीत होत्या."

मी काळी घेतली. तिची मान जरा अरुंद निघाली, माझ्या आखूड बोटांना बराबर बसली, हे घरी आल्यावर कळलं. ज्या गोष्टीला मार्कच द्यायचे राहिले, त्यातच ती पहिली आली.

पुसेगावच्या आधीचे दिवस मी दिवाळीतल्या पोरासारखे काढले. चपटी म्हणून ती मांडीवरून घसरायची. टॉवेलची घडी मांडीवर ठेवून बघितली, मग जुन्या नऊवारीचा पट्टा शिवून खांद्याला लावला. वायर लावून ठेवली की आतली बॅटरी उतरते हे एकदा फजिती होऊन शिकले, मग रोज वायर काढून ठेवायला लागले आणि कार्यक्रमाच्या पिशवीत तीन नव्या बॅटऱ्या टाकल्या. हे म्हणाले, "पाकिस्तानच्या सीमेवर चालली का?"

पुसेगावला सकाळचा कार्यक्रम. या वेळी साउंडवाल्यानं "वाजवून दाखवा" म्हणायच्या आत मी वाजवायला लागले. स्वतः गादीवर, म्हणून ढोलकीवालीला मांडवाच्या टोकाला पाठवलं, जिथं बायका चपला काढून बसतात. ती तिथून दोन्ही हात वर करून नाचली. नणंद पेटीचा भाता हलवत होती. तिनं मान वळवली नाही.

वंदना झाली. पहिलं गाणं सुरू झालं. माझी तार सुटली आणि दोन्ही बाजूंच्या बॉक्समधून परत माझ्याकडे आली, मोठी होऊन, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी. मागच्या रांगेतल्या दोन-तीन बायकांनी बोलणं थांबवून वर बघितलं. मला ते दिसलं, कारण या वेळी मी डोळे मिटले नव्हते. अंगावर काटा आला आणि त्या काट्यातच मी वाजवत राहिले. दुसऱ्या गाण्याला एका बाईनं लेकराचा हात धरून बोटानं गिटार दाखवली. चौथ्या गाण्यात तर मला इतका चेव आला की मी बोटांनी नवीनच काहीतरी करायला गेले, जे तालमीत कधीच केलं नव्हतं. ते थोडं जमलं आणि थोडं नाही जमलं.

कार्यक्रम संपला. पोरी येऊन काळीला हात लावून गेल्या, कुणी सेल्फी घेतल्या. साउंडवाला मिक्सरमागून ओरडला, "मॅडम, आज काटा लालमधे गेला व्हता!" मी हसत होते, पण डोळे नणंदेवर. ती पेटी बंद करत होती, कुलपं लावत होती, पदर खोचत होती. कॅसिओवालीचं नाव काढते की काय, एवढंच माझ्या डोक्यात. लोक पांगले. आम्ही दोघीच गादीवर राहिलो. तिनं पेटीवर कापड टाकलं, गाठ मारली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली:

"वैनी, चौथ्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला चुकलात तुमी. पार चपलांपाशी बसलेल्या बायकांनी बी ऐकलं. उद्या दहाला तालमीला या, अन् येळेवर या."